सटवाजीची लाल खुर्ची

सोयाबीन कापता कापता सिंधूचा घोळणा फुटला. आधी तिला वाटलं घामच ओघळतोय. नाकाखाली हात फिरवला तर बोटं लाल झाली. तिनं विळा काखेत धरला, नाकाचा शेंडा चिमटीत पकडला आणि मान वर करून आभाळाकडं बघत उभी राहिली. मावळतीकडून ढग चढत होते. म्हणजे नाक धरून उभं राहायलाही सवड नव्हती.

शेजारच्या तासात कोंडाबाई कमरेवर हात देऊन सरळ झाली. "काय झालं गं?"

"काई न्हाई. ऊन लागलं."

"ऊन कुठंय बाई? सकाळधरनं आभाळ हाय."

"मग कालचं लागलं असंल."

कोंडाबाईनं भाकरीच्या फडक्यातला कांदा बुक्कीनं फोडला आणि तिच्या नाकाशी धरला. रान कोंडाबाईचं होतं. बायकांची सावड चालू होती. आज सिंधूनं हिच्या रानात राबायचं, मग कोंडाबाईनं सिंधूच्या. सुगीत मजूर शोधून सापडत नाही, म्हणून गावानं धरलेली ही वाट. सावडीत आजारी पडायची सोय नसते. एकीचा दिवस बुडाला की दुसरीचा बुडतो, आणि शेंग वाळून तडकली की दाणा मातीत जातो.

"येकदा दवाखान्यात दाखव," कोंडाबाई म्हणाली. "तुह्या मायलाबी आसंच रगत यायचं, तूच सांगितलं व्हतंस."

"दाखवते की. सोयाबीन घरी येऊ दे."

सिंधूच्या आईच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, आणि पुढची कितीतरी वर्षं ती बाई माहेरच्या सोप्यात बाजेवर पडून राहिली. तेव्हा तिचं वय सिंधूएवढंच, चाळिशीच्या अलीकडचं पलीकडचं. सिंधूला याची भीती वाटायची. फार वाटायची. आणि भीती वाटायची म्हणूनच ती दाखवायला जात नव्हती. तिनं कांद्याची फोड कनवटीला लावली आणि विळा पुन्हा हातात घेतला.

घरी मात्र बीपीचा थाट बघण्यासारखा होता. हा बीपी सटवाजीचा, म्हणजे सिंधूच्या सासऱ्याचा. सटवाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दसऱ्याआधी तो मुखेडला डोळ्याच्या शिबिरात गेला. तिथं त्याच्या दंडाला पट्टा बांधून फुगवला, आणि 'बीपी वाढलाय, एकशे अठ्ठ्याहत्तर, कमी करून या' असं सांगून माघारी धाडलं. दुसरा एखादा हिरमुसला असता. सटवाजीनं गावात शिरताना अशी मान ताठ केली, जणू त्याला सरपंच करून पाठवलंय. "आपल्याला बीपी निघाला," असं तो भेटेल त्याला सांगू लागला.

मग घरात दोन भाज्या होऊ लागल्या. एक मिठाची, एक कमी मिठाची. लोणचं बंद, खारे शेंगदाणे बंद, पापड बंद. तंबाखूही बंद, म्हणजे लोकांदेखत बंद. सिंधू रानातून येऊन त्याच्या भाजीचं वेगळं पातेलं चुलीवर चढवायची, आणि सटवाजी अंगणाकडं तोंड करून आपल्या लाल खुर्चीत बसलेला असायचा.

ती खुर्ची प्लास्टिकची, हातांची. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलानं, म्हणजे सिंधूच्या नवऱ्यानं, सुदर्शननं आणून दिली होती, कारण सटवाजी एकदा जमिनीवर बसला की त्याला उठवायला दोन माणसं लागत. घरात खुर्ची ती एकच. तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे, आणि सिंधू तर नाहीच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सासऱ्यासमोर खुर्चीवर, बाजेवर, ओट्यावर कधी टेकली नव्हती. बोलायचं तर उभ्यानं, डोक्यावर पदर घेऊन. थांबायचं तर उंबऱ्याशी उकिडवं. असं कर म्हणून सटवाजीनं तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि नको करू असंही म्हटलं नव्हतं. तो घरात नसला तरी ती खुर्ची पुसायची आणि बसायची भुईवर.

माणूस वाईट नव्हता हो. सिंधूला सृष्टी झाली तेव्हा 'पहिली पोरगीच' म्हणून भावकीनं नाकं मुरडली, तर ह्यानं घरोघर पेढे नेऊन दिले होते. आता ती पोरगी अहमदपूरला शिकत होती, तेही आजोबाच्याच हट्टानं. पण चांगल्या माणसालाही घरातल्या काही गोष्टी दिसत नाहीत, डोळे धड असले तरी. आणि सटवाजीचे तर डोळेही गेले होते.

त्याला गोळ्या सुरू झाल्या होत्या. उपकेंद्रातल्या अंजू मॅडम स्कूटीवरून आठवड्याला येऊन त्याचा बीपी बघून जायच्या. पोरगी लातूरकडची, बोलायला गोड, पण नियमाला कडक.

"आबा, खुर्चीला पाठ टेकवा. पाय खाली, एकावर एक नको. हात असा, छातीच्या उंचीला." हात ठेवायला टेबल नव्हतं म्हणून सिंधू पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर उशी ठेवून द्यायची. "आता पाच मिनिटं गप्प बसायचं."

बाकी सगळं सटवाजीला जमे. गप्प बसणं जमत नसे.

"पाच मिंटं म्हंजी लई व्हतंय, मॅडम."

"बोललात. आता परत पहिल्यापासून."

"मी कुठं बोललो?"

"आबा!"

एकदा तर आकडा भलताच वर गेला. अंजूनं वाकून वास घेतला. "तंबाखू खाल्ली ना आत्ता?"

"उलिशीक."

"तंबाखू खाऊन, चहा पिऊन, भांडून, पळत येऊन मोजलं तर आकडा खरा येत नाही. निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. आणि एका दिवसाच्या आकड्यावर आम्ही सहसा बीपी ठरवतही नाही. वेगवेगळ्या दिवशी, नीट बसवून, पुन्हा पुन्हा बघतो."

हे सटवाजीला पटलं. "बराबर हाय. बैल घेतानी आपूनबी येकदाच चालवून बगत न्हाई," तो म्हणाला.

सिंधूच्या रानातलीही कापणी उरकली, त्या दिवशी अंजू आली तेव्हा सटवाजीनं खरंच पाच मिनिटं तोंड मिटून काढली. आकडा आला एकशे अडतीस, खाली चौऱ्याऐंशी.

"आबा, छान. असाच राहिला तर पुढच्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाईल."

इतके दिवस ह्याचीच वाट बघत बसलेल्या सटवाजीला आता शंका आली. "येवढा कस्काय उतरला? मशीन बिघडलं आसंल." तेवढ्यात सिंधू वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन अंगणात आली. भारा धपकन पडल्याचा आवाज सटवाजीनं ऐकला. "हिला लावा बरं. ही धडधाकट हाय. हिचं नीट आलं तर मशीन नीट."

सिंधूच्या अंगात साडीवर सुदर्शनचा जुना फुलशर्ट होता, रानात जाताना बायका घालतात तसा. ती उंबऱ्याशी उकिडवी बसली आणि हात पुढं केला. अंजूनं गंमत म्हणून शर्टावरूनच पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरलं, थांबलं, पुन्हा जोरात फुगलं. अंजू आकड्याकडं बघत राहिली.

"किती आला?" सटवाजीनं विचारलं.

"एकशे शहाण्णव. खाली एकशे चौदा."

"बगा! म्हणलं न्हाई मी? बिघडलंय!" सटवाजी हसला. सिंधूही पदर तोंडात धरून हसली.

अंजू हसली नाही. तिनं सटवाजीचा पुन्हा बघितला. एकशे छत्तीस.

"मशीन चांगलं आहे, आबा."

"म्हंजी माझं खरं!"

"आणि ताईंचं?"

"ती आत्ता भारा घिऊन आली न्हवं," सटवाजीनं निकाल दिला. स्वतःच्या आकड्याला खरा ठरवून त्यानं सुनेचा आकडा मोडीत काढला, आणि त्यात आपलं काही चुकलं असं त्याला मुळीच वाटलं नाही.

अंजूलाही ते अर्धं मान्य होतं. भारा वाहून आलेली बाई, उकिडवी बसलेली, पट्टा शर्टावरून. "ताई, हा आकडा मी धरत नाही. पण सोडतही नाही. शर्ट काढा, पाच मिनिटं खुर्चीवर बसा, मग बघू. आबा, जरा उठता का?"

सटवाजीनं उठायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला. सिंधू घाईघाईनं उभी राहिली. "न्हाई न्हाई, मामांना बसू द्या. मला काई झालं न्हाई. चुलीवर दूध हाय." आणि ती आत गेली. चुलीवर दूध नव्हतं, चूल पेटलेलीही नव्हती.

अंजू तिच्यामागून स्वयंपाकघराच्या दाराशी आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, घरात कुणाला बीपी होता? आईला, वडिलांना?"

"मायला वारं गेलं व्हतं."

"किती वय होतं?"

"माह्यायेवढंच."

अंजू दारातून आत सरकली. मग म्हणाली, "उद्या सकाळी उपकेंद्रात या. तिथं खुर्ची आहे, आणि आबा नाहीत."

"उद्या आमची मळणी हाय."

"परवा?"

"परवा कोंडाबाईची. तिनं माह्या रानात दिवस भरला तर मला तिच्यात भरावा लागंल ना, मॅडम?"

"बीपी दुखत नाही, ताई. बहुतेकांना काही कळतच नाही. माणूस कामाला लागलेलं असतं आणि एक दिवस..."

"म्हाईत हाय मला," सिंधू म्हणाली. "मायला घास भरवला की येका बाजूनं गळायचा. मीच पुसायची." तिनं रिकाम्या चुलीत दोन काटक्या सारल्या. "पर मामा म्हणले ना, भाऱ्यानं आलं म्हणून. तसंच आसंल."

बाहेर सटवाजी रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी एकशे अडतीसची हकीकत सांगत होता. अंजू स्कूटीला किक मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मळणी सुरू झाली. मळणीयंत्र मल्लिकार्जुनचं. सुगीभर ते ट्रॅक्टरला जोडून तो गावोगाव फिरायचा आणि सुदर्शन त्याच्याबरोबर यंत्रावर काम करायचा. आज यंत्र सुदर्शनच्या स्वतःच्याच रानात आलं होतं, तेही मोठ्या मिनतवारीनं. अजून तीन रानं वाट बघत होती आणि आभाळ तर अंगावर आल्यासारखं खाली उतरलं होतं.

सटवाजीलाही यायचंच होतं. दिसत नसलं तरी आपलं सोयाबीन कानांनी ऐकायचं होतं. ट्रॅक्टरवर लाल खुर्ची बांधून आणली आणि बांधावरच्या आंब्याखाली ठेवली. तिथं बसून तो यंत्राच्या आवाजावरून 'वला पाला चाललाय, जरा कमी टाका' असं ओरडायचा, आणि ते कुणाला ऐकू जात नसे.

सुदर्शन यंत्राच्या तोंडाशी उभा राहून पेंढ्या सारत होता. सिंधू आणि कोंडाबाई गंजीवरून कवटाळून कवटाळून आणून देत होत्या. भुसकट उडून डोळ्यांत, नाकात, मानेत जात होतं. तोंडाला फडकं बांधलं तरी घशात शेंगांची बारीक कूस बसायची. सकाळपासून सिंधूच्या डोक्याची मागची बाजू जड होती. वाकलं की अंधारी यायची. ती गंजीला हात लावून क्षणभर उभी राहायची आणि पुन्हा कवटाळून उचलायची.

दुपारी सटवाजीची गोळी असायची आणि गोळीआधी भाकर. सिंधूनं हात धुतले, फडकं सोडलं, ताटलीत भाकर आणि कमी मिठाचं पिठलं वाढलं. खुर्चीपाशी वाकून तिनं ताटली सासऱ्याच्या मांडीवर ठेवली. तेवढ्यात सटवाजीच्या हातावर टपकन एक थेंब पडला.

"पाऊस आला का गं?"

"न्हाई मामा. पाणी सांडलं."

दुसरा थेंब पडला. सिंधू झटकन मागं सरली. सटवाजीनं ते पाणी अंगठ्यानं चोळून बघितलं. पाणी कोमट नसतं. पाणी चिकटत नाही. जन्मभर ह्या हातांनी त्यानं अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढली होती, दगडानं फुटलेली स्वतःची बोटं बांधली होती. रक्त ओळखायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती.

"सिंधू," त्यानं हाक मारली. ती लांब गेली होती. यंत्राचा आवाज तसाच चालू होता.

एकशे शहाण्णव हा आकडा त्यानं ऐकला होता. ऐकून तो हसला होता. आपल्या एकशे अठ्ठ्याहत्तरला महिनाभर घरात दोन भाज्या शिजत होत्या, आणि हिच्या आकड्याला आपण मशीन बिघडलं म्हणालो. त्याला स्वतःची लाज वाटली. अशी लाज त्याला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. त्यानं ताटली खाली ठेवली, काठी घेतली आणि आवाजाच्या रोखानं चालू लागला.

"आरं, आबा आले! धरा त्यांना!" कोंडाबाई किंचाळली. सुदर्शननं हातातली पेंढी टाकून उडी मारली आणि बापाला यंत्राच्या पट्ट्यापासून चार हातांवर अडवलं.

"मरायचं हाय का, आबा?"

"मॅडमला फोन लाव."

"कामून? काय होऊन राहिलं तुमाला?"

"मला काय धाड भरली न्हाई! सगळे मलाच काय इचारता? सिंधूला बग. तिच्या नाकातून रगत येऊन राहिलंय."

सुदर्शननं वळून बघितलं. सिंधू पाठमोरी उभी होती आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होती. बाही पार लाल झाली होती. इतका वेळ तो तिच्याकडून पेंढ्या घेत होता, पण बघत पेंढ्यांकडं होता. त्यानं खिशातून फोन काढला.

अंजू आली तोवर नाकातलं रक्त थांबलं होतं. सिंधू आंब्याखाली भुईवर बसली होती, आणि कोंडाबाई तिला पुन्हा कामाला उठू देत नव्हती. यंत्र धडधडतच होतं. अंजूनं पिशवीतून मशीन काढलं, चहूकडं बघितलं आणि म्हणाली, "असल्या आवाजात कसं मोजायचं? त्यांना शांत बसायला हवं."

"मल्लिकार्जुन," सटवाजी ओरडला. "बंद कर."

मल्लिकार्जुन ट्रॅक्टरवरून वाकला. "आबा, आभाळ बगा की! आजून तीन रानं बाकी हायत."

"पाच मिंटं मागतो तुला. हिला पाच मिंटं कुणी दिली न्हाईत, त्यात मीबी आलो. बंद कर."

मल्लिकार्जुननं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा सिंधूच्या बाहीकडं. मग ट्रॅक्टर बंद केला. इतकी शांतता झाली की कान दुखले. गंजीतल्या वाळल्या शेंगा तडकत होत्या, तेवढा बारीक आवाज येत राहिला.

सटवाजी चाचपडत खुर्चीपाशी आला, पण खुर्चीत बसला नाही. खुर्चीचा हात धरून तो हळूहळू खाली जाऊ लागला.

"आबा, आवं खाली बसू नका, उठता येणार न्हाई," सुदर्शन धावला.

"उठवा मग समदे मिळून. मेल्यावर उचलणारच हाव ना, आज सराव करा." आणि 'आई गं' करत तो भुसकटात बसला. "सिंधू, खुर्चीत बस."

सिंधू उठली. तिनं शर्ट काढून कोंडाबाईकडं दिला, डोक्यावर पदर घेतला, आणि खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. बसली मात्र नाही.

"बस की गं," कोंडाबाई म्हणाली.

"मामा खाली अन् मी वर? कशी बसू?" तिचा आवाज रडवेला झाला. "मॅडम, मी खालीच बसते. तसंच मोजा."

"उकिडवं बसून आकडा बरोबर येत नाही, ताई. पाठ टेकायला हवी."

सिंधू तशीच उभी. सुदर्शन पायानं भुसकट सारत राहिला. तेव्हा खालून सटवाजी म्हणाला, "आगं, मला दिसतंय व्हय? दोन्ही डोळ्यांनी आंधळा माणूस मी. तू बसलीस का उभी हायस, मला काय कळतंय?"

सिंधू बसली. आधी नुसती कडेला टेकली, मग अंजूनं खांद्याला धरून मागं सारलं तेव्हा तिची पाठ खुर्चीला लागली. पाय जमिनीवर, हात पालथ्या घातलेल्या घमेल्यावर. दिवसाउजेडी, काम पडलेलं असताना, पाठ टेकून बसायची तिला सवयच नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

"रडल्यावरही आकडा वाढतो, ताई," अंजू हळूच म्हणाली. "रडून घ्या. मग परत पाच मिनिटं धरू."

वारा सुटला, गंजीवरची ताडपत्री फडफडली, पण कुणी जागचं हललं नाही. सिंधूचं रडू थांबलं. मग सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं वाट बघितली. सटवाजीनंसुद्धा तोंड उघडलं नाही.

एकशे ब्याऐंशी, खाली एकशे दहा. जरा थांबून पुन्हा: एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे आठ. दुसऱ्या दंडालाही तेवढाच.

"छातीत दुखतं का? हाताला मुंग्या? बोलताना अडखळायला होतं?" अंजूनं एकेक विचारलं. सिंधू मान हलवत गेली. न्हाई, न्हाई, न्हाई. "मग वेळेत आहोत आपण. पण आजच मुखेडला डॉक्टरांना दाखवायचं. उद्या नाही."

"आज?" सुदर्शनची नजर यंत्राकडं गेली, अर्ध्या गंजीकडं गेली, आणि मग सिंधूच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. "गाडी काढतो," तो म्हणाला.

"अन् सोयाबीन?"

"मी हाय की," कोंडाबाई म्हणाली. "सावड मागून फेड."

"आन् मी बगतो ना," सटवाजी भुईवरून बोलला.

"तुमी काय बगता, मामा?" सिंधूच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली. आजवर ती सासऱ्याशी असं बोलली नव्हती. सटवाजी मात्र मोठ्यानं हसला, इतका की त्याला उठवायला आलेल्या मल्लिकार्जुनला थांबावं लागलं.

मुखेडला डॉक्टरांनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, पुन्हा दोन्ही हातांना पट्टा बांधला, लघवी तपासली, छातीची पट्टी काढली. बीपीच होता, आणि बरेच दिवसांचा असावा असं ते म्हणाले. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. इकडं संध्याकाळी पाऊस आलाच. ताडपत्री अपुरी पडली आणि खालच्या पेंढ्या भिजल्या. त्यातलं सोयाबीन काळं पडलं, ते बाजारात कुणी धड विचारलं नाही. सटवाजीनं त्या सोयाबीनचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. आणि घरात भाजीचं एक पातेलं कमी झालं. आता सगळ्यांचीच भाजी कमी मिठाची होऊ लागली, सुदर्शन कुरकुरला तरी.

दिवाळीनंतर सटवाजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काळा चष्मा लागला, आणि तो घरी आला तो सगळं नव्यानं बघत. कडुलिंब बघितला. अंगणातली म्हैस बघितली. खुर्ची बघितली, तर ती लाल उरलीच नव्हती, उन्हानं विटून गुलाबी झाली होती. सिंधूच्या कानशिलाजवळचे केस पांढरे झालेले बघितले. ते कधी झाले, हे त्याला आठवेना.

अंजू तिच्या ठरल्या वारी आली. आधी आबाचा नंबर. एकशे चौतीस. सटवाजी उठला आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन टेकला. "आता हिचा बगा."

सिंधू हात पुसत बाहेर आली. मधल्या काळात ती त्या खुर्चीत दोनतीनदा बसली होती. आज मात्र खुर्चीजवळ येऊन ती थबकली. समोर पायरीवर सासरा होता, काळ्या चष्म्यामागून तिच्याकडंच बघत. त्याला आता दिसत होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बसा ना ताई," अंजू म्हणाली.

सिंधू उभीच राहिली.

सटवाजीला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

"बस," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई."

सिंधूनं खुर्चीला पाठ टेकवली.